नॅटच्या नाकावरचं कुंकू

मनकर्णाबाई, तुमच्याबद्दल लिहायला घेतलं म्हटल्यावर तुम्ही हात झटकून म्हणाल, "माह्याबद्दल काय लिहाचं हाय वं त्याच्यात?" आहे, पुष्कळ आहे. तुमच्या यजमानांचं कौतुक करून आपल्या अख्ख्या प्रताप नगराने कान किटवले आहेत. तुमचं नाव त्यात एकदाही निघत नाही. तेव्हा आता गप्प बसा आणि ऐका. ज्यांना तुम्ही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगावं लागेल.

मनकर्णा सावनेरची सून. नवरा देवराव हवाई दलात विमानं दुरुस्त करायचा. लग्नाची हळद उतरली नाही तोच तो पंजाबात नोकरीवर गेला आणि ही सासरच्या शेतात कापूस वेचायला लागली. क्वार्टर मिळाला की नेतो, असं दर सुट्टीत सांगायचा. क्वार्टर मिळाला, तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं करायला घरात दुसरं कोण होतं? सासू गेली तेव्हा देवराव तेरवीलाही आला नाही. विमानाचं काम निघालं होतं म्हणे. त्यानंतर क्वार्टरचं नावही त्याने काढलं नाही.

एरवी सुट्टीवर आला की ओसरीत माणसं जमायची आणि देवराव नॅटच्या गोष्टी सांगायचा. नॅट म्हणजे त्याचं विमान. चहा करता करता मनकर्णाच्या कानावर पडेल तेवढं पडायचं. त्यातलं एक तिने पक्कं धरलं : दसऱ्याला तळावर विमानाची पूजा होते. तेव्हापासून सुट्टी संपली की ती त्याच्या ट्रंकेत कुंकवाची पुडी ठेवायची. विमानाला माझ्याकडून लावा, म्हणायची. तो हो म्हणायचा. आपण इथे मातीत असलो तरी आपलं कुंकू तिकडे पोचतं, तेवढा आपलाही त्या विमानात वाटा आहे, असं तिच्या मनाने घेतलं. त्या भरवशावर तिने देवरावच्या नोकरीची सगळी वर्षं काढली; प्रताप नगरातला एकत्र संसार तो निवृत्त झाल्यानंतरचा. शिकलेल्या बाईने चौथ्या महिन्यात पंजाबची गाडी पकडली असती.

यंदा दसऱ्यानंतर नात हिमानीने दोघांना गाडीत बसवून जुन्या लढाऊ विमानांच्या संग्रहालयात नेलं. देवरावने कडक इस्त्रीचा शर्ट घातला. मनकर्णाने कुंकवाची डबी घेतली. एकदा आपल्या हाताने लावायचं, बाकी तिला काही नको होतं.

हिरवळीवर मोठमोठी विमानं उभी होती. नॅट एका कोपऱ्यात. मनकर्णा पाहतच राहिली.

"हे?"

"मंग? हेच."

"एवढुसंच?"

देवराव असा चिडला की जणू त्यालाच कोणी बुटका म्हटलं. तेवढ्यात कॉलेजची चार पोरं तिथे आली. हा माणूस हवाई दलात होता हे कळल्यावर त्यांनी त्याला गराडा घातला, आणि म्हातारा फुलला. इकडे मनकर्णाने डोक्यावर पदर घेतला, विमानाभोवतीच्या दोरीखालून वाकून आत गेली, टाचा उंचावल्या आणि विमानाच्या नाकाला ठसठशीत कुंकू लावून हात जोडले.

गार्ड धावत आला. "ओ आजी, काय करून राहिले तुम्ही? कोणासोबत हाय ह्या?"

पोरांनी माना वळवल्या. गार्डने देवरावकडे पाहिलं.

"मले काय माहीत गा," देवराव म्हणाला. "असन कोणी खेड्यावरची."

वर त्याने खिशातला रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि ते कुंकू पुसायला लागला. लेकराचं तोंड पुसावं तसं, हलक्या हाताने, डाग राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा. या माणसाच्या हातात इतकी माया आहे, हे मनकर्णाला त्या दिवशी कळलं.

गाडी लावून हिमानी आली ती लांबूनच मोबाइल रोखून. "आजी, आजोबांच्या बाजूले उभी राय ना, फोटो काढते."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"त्यायचा एकट्याचाच काढ, बाई," मनकर्णा म्हणाली. "मी खेड्यावरची हाओ."

परतताना गाडीत तिने एकच विचारलं, "मी पुड्या देत होती, त्यायचं काय करत होते तुम्ही?"

"हिमानी, सिग्नल पाय," देवराव म्हणाला.

फोटो सुरेख आला. देवरावने तो मोठा करून सदर भागातल्या एका दुकानात फ्रेम करायला टाकला. त्याच्या गुडघ्यांना त्या दुकानाचा जिना झेपत नाही. मनकर्णाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सदरला जावंच लागतं, म्हणून फ्रेम आणायचं तिला सांगून ठेवलं आहे. डॉक्टर आणि दुकान एकाच इमारतीत. ती जाते, डोळ्यांत थेंब घालून घेते, येताना भाजी आणते.

"आणली काय वं?" देवराव दारातच विचारतो.

"दुकान बंद होतं," मनकर्णा म्हणते आणि मेथी निवडायला बसते.

दुकान रोज उघडं असतं. फ्रेम अजून तिथेच आहे.