स्वतःचं कोण सांगतं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मेथी निवडली.

मी कामावरून आलो तेव्हा बायकोने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोन जुड्या सोडून ठेवल्या होत्या. हातपाय धुतले आणि समोर बसलो. रोजचंच होतं. मी पानं खुडायचो आणि माझी खुडलेली ती परत तपासायची.

"अहो, एवढी देठं कशाला ठेवता? गुरांना घालायचीये का?"

"पोटात गेलं की सगळं सारखंच."

"मग उद्यापासून जुडीच चावा."

हडपसरला एका वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. ट्रकला लागणाऱ्या लोखंडी फ्रेमी बनतात तिथे. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शॉपवर शिकलो. साठी उलटली तेव्हा मालक म्हणाले, घरी बसून काय करणार, येत राहा. येत राहिलो.

तर त्या संध्याकाळी मी तिला कामावरची कटकट सांगत होतो. माणसांचं बघायला कंपनीने एक मॅडम आणल्या होत्या. पोरगीच ती, पण बोलायला नीट. त्यांनी नवीन नियम काढला. प्रत्येकाने आपल्या कामाला आपणच मार्क द्यायचे, एक ते पाच. खाली लिहायचं, मी कुठे कमी पडतो. त्याच्याखाली सही.

फिटर लोकांनी थोडी कुरकुर केली आणि सगळ्यांनी तीन-तीन देऊन टाकले. तीन दिले की मालक चिडत नाही आणि शेजारचाही चिडत नाही. अडला फक्त माझा वेल्डर. बरीच वर्षं कंत्राटावर होता, आता त्याला कायम करायचं ठरलं होतं. पण फॉर्म नाही तर कायम नाही, असं मॅडमनी सांगितलं. तो म्हणाला, नाही भरत.

त्याचं खोटं नव्हतं. आधीच्या कारखान्यात त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला होता, चूक झाली, पुन्हा होणार नाही. साहेब म्हणाले होते, नुसती फाइलला लावायला. पुढे तोच कागद दाखवून त्याला काढला. आमच्याकडच्या निम्म्या माणसांनी असे माफीनामे दिलेले आहेत. आता त्यालाच परत विचारायचं, कुठे कमी पडतोस ते लिही आणि सही कर. कोण करेल?

ती हसली. "स्वतःचं कोण सांगतं हो? मला बघायला आलात तेव्हा मी बोलले का? मावशीच बोलत होती."

"तुझी मावशी खोटं बोलली."

"काय खोटं बोलली?"

"पोरगी कमी बोलते म्हणाली."

तिने एक देठ माझ्या अंगावर फेकलं. मी म्हणालो, मलाही भरायचाय तो फॉर्म, तू हो माझी मावशी.

"लिहून घ्या. माणूस सरळ. तोंड फटकळ. भाजी निवडायला बसतो, पण निवडत नाही."

"आणि मार्क?"

"मार्कांचं बघू नंतर. आधी ती जुडी संपवा."

पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षातच गेली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि मान हलवली. एवढंच लिहितो. जास्त लिहायला मला येत नाही आणि लिहायचंही नाही.

निवडलेली मेथी फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेली होती. ती कुणी काढली, कधी काढली, माहीत नाही. मी विचारलं नाही.

तेरावा झाला, मुलगी धायरीला तिच्या घरी गेली, आणि मी कामावर गेलो. घरी बसून करणार काय. शॉपवर सगळे हळू बोलायला लागले. ग्राइंडर बंद करून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हणालो, बघताय काय, मशीन चालू करा.

मॅडमनी बोलावून पाणी दिलं. थोडं इकडचं-तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी थांबले होते. शनिवारी मालकांना नावं द्यायचीत. वेल्डरचा फॉर्म अजून नाही आला."

मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं.

वेल्डरला बाजूला घेतलं. "पेन घे आणि चार अक्षरं लिही. कशाला हट्ट करतोस?"

"मामा, तुम्ही सांगताय म्हणून ऐकून घेतो. लिहून देणार नाही."

"मग राहा कंत्राटावर. मर तिथेच."

"राहतो की."

झालं. असं बोलून कुणी ऐकत नाही हे मला कळत होतं, पण दुसरं काही सुचतच नव्हतं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला. खानावळीचा लावला होता. मेथी होती, हातभर देठं. मी बघत बसलो आणि मला ती मावशी आठवली.

वेल्डरच्या शेजारी ग्राइंडरवर एक जण आहे, लोणी काळभोरहून येतो. ह्याने जोडायचं आणि त्याने घासायचं, किती वर्षं तेच चाललंय. मिशीवाला, पोट सुटलेला. दोघांना घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, हा स्वतःचं सांगणार नाही. म्हणून ह्याची मावशी आणलीय."

मॅडम त्या मिश्यांकडे बघतच राहिल्या. मग मी समजावून सांगितलं. मुलगी बघताना जसं दुसरं माणूस बोलतं, तसं शेजारचा बोलेल. तुम्ही लिहून घ्या. ह्याला पटलं नाही तर हा तिथल्या तिथे बोलेल.

"फॉर्म सेल्फचा आहे, काका."

"ऐकून तर घ्या."

मिशीवाला खाकरला. "ह्यो माणूस एक नंबर हाय. त्याच्या टाक्यावर मला ग्राइंडर फिरवायलाच लागत न्हाई. पाच लिवा."

"खोटं बोलू नको," वेल्डर म्हणाला. "सोमवारी किती घासलंस?"

"त्यो पत्रा पातळ हुता."

"मग? पातळ पत्र्यावर माझा हात जड पडतो. पडतो तर पडतो. चार लिहा, मॅडम. पाच हा देतोय, मी नाही."

कीबोर्डवर मॅडमची बोटं थांबली. "कुठे कमी पडता, तिथे हे लिहू?"

त्याने हातमोजे उचलले. चेहरा परत दगड. मला वाटलं, गेलं आता.

मी म्हणालो, "मॅडम, तो खालचा प्रश्नच बदला. कमी कुठे पडतोस असं कारखान्यात विचारलं की माणसाला माफीनामा दिसतो. पुढे काय शिकायचंय, असं विचारा. आणि सही त्याची नको. माझ्यासमोर बोलला म्हणून मी करतो."

त्यांनी मालकांना फोन लावला. बराच वेळ हो सर, हो सर चाललं. आम्ही तिघं भिंतीकडे बघत उभे. फोन ठेवून त्या वेल्डरला म्हणाल्या, "काय शिकायचंय?"

"आर्गॉन वेल्डिंग. पातळ पत्र्याला तेच लागतं. कधीपासून म्हणतोय."

"कुणाला म्हणालात?"

"ह्याला," त्याने मिशीवाल्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं. वेल्डर म्हणाला, परत वाचा. परत वाचलं. मी सही केली. बाहेर आल्यावर त्याने हेल्मेट घातलं आणि तो कामाला लागला. शनिवारच्या यादीत त्याचं नाव जाणार होतं.

संध्याकाळी निघताना मॅडम म्हणाल्या, "काका, आता तुमचाच राहिला."

मिशीवाला होताच तिथे. "मामांची मावशी मी हुतो."

"तू घासायचं काम कर," मी म्हणालो. "उद्या बघू."

घरी आलो. कुलूप काढलं. कुलूप काढून घरात जायची सवय अजून नाही, दारात उभं राहून मी आधी बेलकडेच हात नेतो. वर्तमानपत्र खुर्चीवर घडी न मोडता पडलं होतं. चहा केला, अर्धा ओतून दिला. फॉर्म भरायचा तर कुणाला विचारणार? शॉपवरची माणसं काय, चांगलंच बोलतील. घरात माणूस गेलंय ना माझ्या, म्हणून बोलतील. तसलं मला नको होतं. आणि जिला माझं खरं माहीत होतं ती तर बोलून मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉपवर न जाता आधी केबिनमध्ये गेलो. मॅडम पर्स ठेवत होत्या.

"लिहा," मी म्हणालो. "माणूस सरळ. तोंड फटकळ. भाजी निवडायला बसतो, पण निवडत नाही."

त्या टाइप करता करता थांबल्या. "हे भाजीचंही लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. कोण म्हणालं, असं विचारलं नाही. मग म्हणाल्या, "आणि मार्क किती, काका?"

"ते द्यायचे राहिले," मी म्हणालो. "तेवढी जागा रिकामी ठेवा."

आणि खाली शॉपवर गेलो.