उपाशीपोटीची गोळी

मंडळी, छातीतल्या या जळजळीनं चार वर्षांत माझी आडवं पडून घ्यायची झोप हिरावली, ठेचा बंद केला, दोनदा घशातून नळी घालायला लावली. आज शिरूरच्या डॉक्टरबाई सांगणार होत्या, पुण्याला ऑपरेशनला पाठवायचं की नाही.

बाहेर बाकावर मी शेजाऱ्याला ऐकवत होतो, "एक दिवस गोळी चुकवली न्हाई. सकाळी उपाशीपोटी म्हंजी उपाशीपोटी!"

माझं रांजणगावला गॅरेज. इंजिनाची कुरकुर ऐकणाऱ्या कानांना पडद्याआडचंही ऐकू येतं. आत एक म्हातारबा सांगत होते, "उपाशीच घेतो की बाई. निस्ता कपभर चहा पिऊन."

"मग उपाशी कसं, आबा?"

"चहा काय खाणं हाय व्हय?"

मला हसू फुटलं. आणि हसता हसता थांबलो. माझीही गोळी पहिल्या चहानंतरच असते.

नंबर आल्यावर मी आपणहून कबूल केलं. बाई म्हणाल्या, "उठल्याबरोबर गोळी, अर्ध्या तासानं चहा. महिनाभर करा. फरक पडेल असं वाटतंय, ऑपरेशनचं मग बघू."

तुमच्यात चहा खाण्यात धरतात का? खरं सांगा. मी तर चार वर्षांत एकही गोळी उपाशीपोटी घेतलेली नाही.