निन्ह बिन्हमध्ये बाबांची तिथी

चूक माझीच. व्हिएतनामचं तिकीट काढताना मी बाबांची तारीख बघितली, तिथी नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तारखेच्या आत मी परत येणार होते, पण फाल्गुन शुद्ध दशमी अलीकडे सरकली आणि माझ्या आठ दिवसांच्या मधोमध येऊन बसली.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि साधं कॅलेंडर बघता येत नाही?" खारी गावातल्या आमच्या घरात आई भांडी विसळत म्हणाली. मी सॅक भरायला घेतली तेव्हा म्हणाली, "पान दादा वाढेल. तू एवढंच पाळ, त्या दिवशी मांसमच्छी खाऊ नकोस."

"नाही खाणार. शप्पथ."

हनोईत पहिल्या दिवशी रस्ता ओलांडताना मी हात दाखवून स्कूटर थांबवायला गेले आणि मग धावले. हॉस्टेलची मुलगी ओरडली, "धावू नकोस! सावकाश चाल, त्याच तुला चुकवतील!" आमच्याकडे शांती नगरच्या सिग्नलवर मी सावकाश चालले असते तर? असो. शाकाहारी असाल तर 'आन चाय' हे शब्द पाठ करून जा. तरी भाजीत माशांचं सॉस नाही ना, हे वेगळं विचाराच.

तिसऱ्या दिवशी व्हॅनने निन्ह बिन्ह. दोन-अडीच तास लागतात, तिकीट आदल्या दिवशी हॉस्टेलवरच मिळतं. भातशेतीतून एकदम सुळके वर आलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी होआताईंचं होमस्टे. त्यांनी नावाआधी वय विचारलं. त्यांचा फोन त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगायचा.

"तेवीस."

"मग मी ताई." वय कळल्याशिवाय तिथे समोरच्याला काय म्हणायचं तेच ठरत नाही. बैठकीच्या खोलीत देव्हारा होता. त्यात एका आजोबांचा फोटो, पुढे केळी, बिस्किटं आणि बिअरचे दोन कॅन. मी बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी दशमी. खोलीत गप्प बसून राहायचं ठरवलं होतं, पण सकाळीच अंगण माणसांनी भरलं. प्लॅस्टिकची स्टुलं, बिअरचे क्रेट, कराओके.

"साखरपुडा आहे का?" मी विचारलं.

"नाही. सासऱ्यांचा मृत्युदिन. चंद्राचा दहावा दिवस."

माझ्या अंगावर काटा आला. माझ्याही बाबांचा आजच, असं मी त्यांच्या फोनवर टाईप केलं. होआताईंनी ते मोठ्याने वाचलं आणि कराओके बंद झालं. त्या म्हणाल्या, "मग त्यांना बाहेर का ठेवलंस? फोटो आण."

फोटो माझ्या फोनमध्येच होता. त्यांनी तो फोन आजोबांच्या शेजारी टेकवून ठेवला.

"काय आवडायचं त्यांना?"

"मासे." तोंडातून निघून गेलं.

तळलेल्या माशाची ताटली बाबांपुढे आली. उदबत्त्या लागल्या. फोनची स्क्रीन सारखी काळी होत होती, आणि बाजूचे एक काका बोट लावून बाबांना पुन्हा उजेडात आणत होते. एवढ्यात कोणीतरी विनोद केला आणि सगळे हसले. तिथीला हसायचं असतं का? मीही हसले. मग रडायला आलं.

उदबत्त्या विझल्यावर ती ताटली माझ्यासमोर आली. "बाबांनी खाल्लं," होआताई म्हणाल्या, "आता तू."

आईला दिलेली शप्पथ एकीकडे, बाबांच्या पुढ्यातला घास एकीकडे. बाबांच्या नैवेद्याला नाही म्हणायचं, की आईला फसवायचं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाल्लं. मासा चविष्ट होता, याचाच जास्त त्रास झाला.

ताम कोकच्या नदीतली होडी सकाळी आठच्या आत घ्या, गर्दी नसते. वल्ही पायाने मारतात. मी दुसऱ्या दिवशी गेले, पण याहून जास्त मला त्या दिवसाचं आठवत नाही. होडीत बसून मी आईला सांगायची वाक्यंच जुळवत होते.

मी केलं ते बरोबर की चूक, हे अजून कळलेलं नाही. विमानात वाटलं, सांगूच नये. पण घरी पोचले त्याच संध्याकाळी, आई भाकऱ्या थापत असताना, सगळं सांगून टाकलं. फोटो, उदबत्ती, ताटली, घास.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. वर बघितलं नाही.

"कुठला मासा होता?"

"माहीत नाही. तिथल्या तळ्यातला."

"तळ्यातला?" आई म्हणाली. "अगं, त्यांना गोड्या पाण्यातला मासा मुळीच आवडायचा नाही. लिंबू तरी पिळलंस का वर?"