वीतभर दुमड

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ताई खिडकीपाशी उकिडवी बसायची आणि पडद्याच्या खालच्या काठाखालून तर्जनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. बोट अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. फरशी आणि पडदा यांच्यामध्ये नेमकं एका बोटाचं अंतर. कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, म्हणून बघावं लागतं, असं तिचं म्हणणं. धाकटी अंथरुणातूनच विचारायची, "झाली का नाडी बघून?" तेवढ्यात चहा उतू जायचा.

ताई पडदे शिवायची. धाकटी रस्त्यापलीकडच्या मोठ्या इस्पितळात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. दोघींचीही लग्नं झाली नव्हती. धाकटीचं ठरून मोडलं होतं. ताईचं ठरवायला कुणी उरलंच नव्हतं. शहराच्या ऐन मध्यात, कापडाच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत त्या राहायच्या. बाहेरच्या खोलीला फरशीपर्यंत उतरलेली एक लांब खिडकी होती. तिथं उभं राहिलं की बसचा थांबा, कोर्ट आणि कोर्टामागचं कॉलेज दिसायचं. "इथून सगळं जवळ," हे ताईचं पालुपद. बाजार जवळ, बँक जवळ, गिऱ्हाइकं जवळ. "उद्या झटका आला तरी गाडी नको मला. चालत जाऊन दाखल होईन."

"चालत आलीस तर रांगेत उभी करीन," धाकटी म्हणायची.

ताईच्या धंद्यात एक रीत होती. भाड्यानं राहणारी माणसं पडदे शिवायला द्यायची तेव्हा खाली वीतभर दुमड ठेवायला सांगायची. उद्या घर बदललं, खिडकी उंच निघाली, तर उसवून पडदा लांब करता यावा म्हणून. स्वतःच्या घरातली माणसं मात्र नेमका पडदा मागायची. दुमडीनं खालचा काठ जड होतो, फुगीर दिसतो. ताईला पडदा हातात घेतल्याबरोबर कळायचं, की हे घर कुणाचं. धाकटीला हे सांगताना तिच्या आवाजात थोडी असूया असायची. त्यांच्या स्वतःच्या पडद्याला तेव्हा वीतभरच काय, चांगली दीड वीत दुमड होती.

तिसऱ्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या. ताई त्यांना काकू म्हणायची. काकूंना मूलबाळ नव्हतं. दूर कुठं तरी एक भाचा होता, तो त्यांच्या बोलण्यात जितका यायचा तितका दारात यायचा नाही. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरकडे न्यायला ताई, औषधाचे थेंब घालायला ताई, उशांच्या खोळी शिवायलाही ताईच. अशाच एका दुपारी, डोळ्यांवर पट्टी असताना काकू म्हणाल्या, की या दोन खोल्या विकायच्या झाल्याच तर आधी तुला, आणि तुला झेपेल अशा बेतानं.

ताई खाली आली, तिनं आपला पडदा उतरवला, दुमड उसवली आणि जास्तीचं कापड सरळ कापून टाकलं. मग एका बोटाचं अंतर ठेवून काठ शिवला. संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा पडदा टांगून झाला होता आणि ताई पाटावर बसून त्याच्याकडे बघत होती. बाळंतिणीनं पाळण्याकडे बघावं तशी.

सगळं ऐकून धाकटीनं एवढंच विचारलं, "लिहून घेतलंस?"

ताई चिडली. म्हाताऱ्या बाईकडे कागद मागायचा म्हणजे तिच्या मरणाची वाट बघायची. माणसाला काही लाज असते.

"कुणी तोंडी माप सांगितलं तर तू कात्री उचलत नाहीस," धाकटी म्हणाली. "तीन ठिकाणी टेप लावतेस. भिंतींवर विश्वास नाही तुझा, आणि काकूंवर आहे?"

ताईनं कापलेल्या पट्टीची घडी करून ती चिंध्यांच्या पिशवीत टाकली. दोघींनी पोटाला चिमटा घेऊन पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. धाकटीलाही हळूहळू त्या बोटभर अंतराची सवय झाली. खरं सांगायचं तर तिलाही ते घर आपलं वाटू लागलं. ती भिंतीत खिळा ठोकताना आता विचार करायची नाही.

मग जमिनीखालची रेल्वे आली. किती तरी वर्षं रस्ता खणलेला होता, आणि ताईचे पांढरे पडदे शिवून गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत राखाडी व्हायचे. शेवटी खड्ड्याभोवतीचे पत्रे निघाले आणि स्टेशनचा जिना बरोबर त्यांच्या दारासमोर उघडला. ज्यांना या भागाचं नाव ऐकून नाक मुरडायची सवय होती, ते आता घरं बघायला येऊ लागले. एक एजंट आठवड्यातून दोनदा तरी नवराबायकोच्या जोड्या घेऊन यायचा. दुसऱ्या मजल्यावरचं घर विकायला होतं. जिन्यात ताई भेटली की एजंट थांबायचा आणि म्हणायचा, "या जुन्या राहणाऱ्या. यांनाच विचारा ना."

ताईला तेवढंच निमित्त हवं असायचं. गळ्यात टेप, हातात पिना, आणि तोंडानं अखंड कौतुक. पाणी कधी जात नाही. रात्री उशिरापर्यंत रस्ता जागा असतो, बाईमाणसाला भीती नाही. आता तर रेल्वे दारात आली, शहराच्या कुठल्याही टोकाला अर्ध्या तासात. झटक्याचा विनोदही ती सांगायची, आणि लोक हसायचे. धाकटीनं एकदा तिला कोपरखळी मारली, की एजंटाकडून काही सुटतं का तुला? ताई म्हणाली, चांगल्याला चांगलं म्हणायला पैसे कशाला लागतात?

काकूंनी ताईला वर बोलावलं तेव्हा ती नवी साडी नेसून गेली. बँकेचं पासबुकही तिनं पिशवीत घेतलं होतं. धाकटीही मागोमाग गेली, कारण असल्या वेळी ताईला भिडेखातर काहीही कबूल करायची खोड होती.

काकूंनी सांगितलेला भाव ऐकून धाकटीला आधी वाटलं, की म्हातारीच्या बोलण्यात चूक झाली. ताईनं हळूच जुन्या दुपारची आठवण करून दिली. काकू नाकबूल झाल्या नाहीत. उलट त्यांनी ताईचा हात हातात घेतला.

"शब्द दिला होता, म्हणून तर आधी तुला विचारतेय. पण अगं, तूच सांगत होतीस ना जिन्यात उभी राहून, की इथलं घर म्हणजे सोनं? तो एजंट रोज येऊन मला तुझंच बोलणं ऐकवतो. मग सोनं मातीच्या भावानं कसं देऊ? तूच सांग."

ताईनं काकूंच्या खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. तो तिनंच शिवला होता, नेमका. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, काकू."

जिना उतरताना धाकटीच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. एकही तिनं काढली नाही. त्याबद्दल तिला आजही बरं वाटतं, बाकी कशाबद्दलच वाटत नाही.

खोल्या ज्यांनी घेतल्या त्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. पायात मऊ बूट, बोलणं गोड. त्यांनी खोल्या आतून फिरून पाहिल्या, मोरीत डोकावल्या आणि लांब खिडकीपाशी येऊन थांबल्या. पडदा कुणी शिवला, असं त्यांनी विचारलं. ताईनं सांगितलं. मग इथले नवे पडदे तुम्हीच शिवा, माप घ्यायला सवडीनं या, असं त्या म्हणाल्या.

"माप आहे माझ्याकडे," ताई म्हणाली. तिनं लांबी सांगितली, रुंदी सांगितली, डाव्या अंगाला भिंत कुठं झुकली आहे तेही सांगितलं. टेप गळ्यातच होता. मग सवयीनं विचारलं, "दुमड किती ठेवू?"

"ठेवा की चांगली वीतभर. आम्ही थोडेच राहणार आहोत इथं? भाडेकरू येतील आणि जातील."

ताईनं ते पडदे शिवले. धाकटी म्हणाली, तू मूर्ख आहेस. ताई म्हणाली, काम आहे, काम नाकारायचं नसतं. खोल्या सोडायच्या दिवशी ते तिनं स्वतःच्या हातानं टांगले आणि आपला उतरवून घडी घातली.

साठवलेल्या पैशांत घर मिळालं ते शहर संपतं तिथं. स्वतःचं, तळमजल्यावरचं, दोघींच्या नावावर. समोर अर्धवट रस्ता, मागं तारेचं कुंपण. तिथली खिडकीही फरशीपर्यंत होती, पण उंच. पडदा टांगला तर फरशीच्या वर वीतभर लोंबकळत राहिला. खालून रस्त्यावरची धूळ आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय दिसायचे. धाकटीनं चिंध्यांची पिशवी उपसून ती जुनी पट्टी शोधून काढली आणि जोड लावू या म्हणाली. ताईनं पट्टी परत पिशवीत टाकली. लोकांच्या पडद्याला ती सहज जोड लावायची. या पडद्याला तिनं सुई लावली नाही. सकाळी उकिडवं बसणंही सुटलं. चहा आता उतू जात नसे.

धाकटीनं बदली मागून जवळचं इस्पितळ घेतलं. जवळचं म्हणजे तरी एक बस. ताईची गिऱ्हाइकं सगळी मध्यातली, आणि रेल्वे इकडं पोचायची होती. दोन बस बदलून, मांडीवर कापडाचं बोचकं घेऊन ती रोज जायची. जुन्या दारावरून जाताना वर बघायची का, हे धाकटीनं कधी विचारलं नाही.

झटका आला तो दुसऱ्या बसमध्ये. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. ती मोठ्या इस्पितळात पोचली तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. धाकटीच्या जुन्या खिडकीवरच्या मुलीनं केसपेपर काढला आणि नाव वाचून बाहेर आली.

त्या सकाळी ताई दारात चप्पल घालत होती. बोचकं काखेत, पिना तोंडात. पिना काढून तिनं मागं वळून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "ती खिडकी लावून घे, खालून धूळ येतेय. मला यायला उशीर होईल."