समोरून ऐकलेली गिटार

आमच्या घरात गिटारीला पाहुण्याचा मान होता, फक्त हा पाहुणा कधी जायचं नाव घेत नव्हता. पलंगावर आधी तिची जागा व्हायची, मग आमची. लहानपणी तिला हात लावला म्हणून मी जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी परीक्षेत नापास होऊनही कुणी खाल्ली नसतील.

गिटार तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कॅनॉलचं पाणी कुणाच्या चारीला कधी सोडायचं, कधी बंद करायचं, हे बघणं त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचे. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, नाहीतर कुठल्या विहाराचं उद्घाटन, बारामती आणि इंदापूरच्या गावोगावी ही पार्टी जायची. ती गिटार त्यांनी लग्नाआधी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली होती. कलकत्त्याकडे बनलेली, रंग उडालेला, पण तात्यांच्या लेखी तिच्या तोडीची दुसरी नव्हती.

नव्वदच्या दशकात पार्टीत कीबोर्ड आला आणि तो वाजवायला मी बसले. दिवसा बारामतीत शाळेत विज्ञान शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्टेजवर कीबोर्ड, असं माझं चाललं होतं. त्याच सुमारास तात्यांची बोटं आखडायला लागली. तारा दाबताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा. एका जयंतीनंतर त्यांनी गिटार भिंतीवर टांगली आणि पुढच्या कार्यक्रमाला ते नुसते ऐकायला आले. कीबोर्डमध्ये गिटारचं बटण होतं, ते मी दाबलं की तात्या दुसरीकडे बघायचे. त्यांचं बरोबर होतं. तो आवाज ताटलीवर रबर ताणून वाजवल्यासारखा होता.

कॉलेजातला माझा एक मित्र पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायचा. त्याने सॅम्पलर नावाचं यंत्र दाखवलं तेव्हा मला विश्वास बसला नव्हता. खऱ्या वाद्याचा एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा, हळू छेडलेला, जोरात छेडलेला, पार विरून जाईपर्यंत. मग ते सगळे सूर कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे. पट्टी दाबली की तीच गिटार वाजणार, तेच लाकूड, तीच तार. तो अशा जुन्या वाद्यांची एक लायब्ररी तयार करत होता. यंत्राची मेमरी अगदी तुटपुंजी, त्यामुळे एकाच जुन्या गिटारीची जागा शिल्लक होती. शहरातल्या गिटारी ऐकून त्याचं मन भरलं नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्या भागात शोध. निवड तू कर, तुझ्या कानावर माझा भरवसा आहे."

हे मी घरी सांगितलं आणि चूल विझायच्या आत तात्यांनी गिटार खाली काढली.

"हिलाच भर त्यात," ते म्हणाले. "माझी बोटं गेली, ती काय परत येत न्हाईत. मी नसलो तरी तू स्टेजवर बसशील आन लोकास्नी हिचा आवाज ऐकू यील. मला दुसरं काय बी नको."

तात्या असं उघड काही मागणारे नव्हते. मला भरून आलं, आणि लगेच रागही आला, कारण मी निवड प्रामाणिकपणे करायचं कबूल केलं होतं. बाकीच्या गिटारी तरी बघू या, असं मी म्हटलं. मला वाटलं ते फुगून बसतील. पण उलट तेच आमचे वाटाडे झाले. कॅनॉलच्या कडेने सगळं आयुष्य काढल्यामुळे कुठल्या गावात कुणाकडे काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं.

मित्र पुण्याहून आला आणि आम्ही तिघं एसटीने डाळजला गेलो. तिथली गिटार मोठी, देखणी, बघताक्षणी आवडावी अशी. मालकाने कौतुकाने सांगितलं की तारा जिथं अडकवतात ती पट्टी निघाली होती, म्हणून गावच्या सुताराकडून खिळे मारून ती पक्की करून घेतली. "आता बैल बांधला तरी निघायची न्हाय," तो म्हणाला. मित्राने एक तार छेडली. सुराबरोबर सगळे खिळे थरथरले आणि डब्यात चिल्लर हलवल्यासारखा आवाज आला. मित्राने तोंडभरून चहाची स्तुती केली आणि आम्ही निघालो. तात्या परतीच्या एसटीतही खूश होते.

निरवांगीला मात्र गोष्ट वेगळी निघाली. तिथं एक फौजी आबा होते. फौजेतून रिटायर होऊन डाळिंब आणि टोमॅटो करायचे. त्यांची गिटार फौजी घोंगडीत गुंडाळलेली होती. मित्राने ती छेडली आणि सूर त्या पडवीत रेंगाळतच राहिला. विरला असं वाटायचं, तेवढ्यात कानाला पुन्हा सापडायचा. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं.

"बरी हाय," तात्या म्हणाले. तात्या 'बरी' म्हणाले की माणसाने ओळखावं, वस्तू फारच चांगली आहे.

घरी आल्यावर मी हात टेकले. आपल्याच बापाची गिटार बाद करायची की मित्राला फसवायचं, यातलं काहीच मला जमणार नव्हतं. तोडगा तात्यांनीच काढला. "निरवांगीच्या आबांना बोलवा गिटार घिऊन. माझं डोळं बांधा. दोनी वाजवा. मी सांगतो कंची घ्यायची ती. पाळीचं पानी सोडताना मी सख्ख्या मेव्हण्याचं बी तोंड बगितलं न्हाय. हितं बी बगनार न्हाय." आणि वर हळूच, "तशी माझी मला झोपेत बी वळकू यील म्हना."

ठरल्या दिवशी आबा गिटार आणि पिशवीभर वांगी घेऊन जळोचीत आमच्या घरी आले. मित्राने रेकॉर्डर मांडला आणि मग आम्ही सगळे लाइट जायची वाट बघत बसलो. ही गोष्ट पुण्याच्या मित्राला समजावताना माझी पुरेवाट झाली. आमच्या भोवती सगळी बागायती. लाइट असली की चहूबाजूंनी विहिरींवरच्या मोटरी घुमणार, आणि त्या आवाजात सूर विरून जाईपर्यंत रेकॉर्ड करणं अशक्य. लाइट गेली की सगळं शिवार गप्प. मित्राचा रेकॉर्डर बॅटरीवर चालायचा, म्हणून बरं. सारा गाव लाइटच्या नावाने बोटं मोडायचा, आणि त्या दिवशी आम्ही ती जावी म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसलो होतो. वीज मंडळानेही निराश केलं नाही.

मोटरी थांबल्या. मी टॉवेलने तात्यांचे डोळे बांधले आणि त्यांना ओट्यासमोर सतरंजीवर बसवलं. मित्र ओट्यावर, त्यांच्या बरोबर समोर. आई एका बाजूला शेंगा फोडत होती. आवाज होतो म्हणून मी तिला थांबायला सांगितलं, तर तिने सूप बाजूला सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. गाण्यातलं कळणारी म्हणून तिला कुणी कधी काही विचारलेलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नव्हतं.

मित्राने आधी निरवांगीची गिटार घेतली. एकेक तार, मग दोन-चार सूर. तात्यांची मान डोलली. "ग्वाड हाय. सूर जागा सोडत न्हाय," ते म्हणाले, आणि टॉवेलखाली त्यांचे ओठ हसले. मला कळलं, ही आपलीच असं त्यांना वाटतंय.

मग मित्राने तात्यांची गिटार घेतली. तेच सूर, तेवढाच जोर. तात्या पुढे वाकून ऐकायला लागले. पुन्हा वाजवायला सांगितलं. मग त्यांनी हात वर केला.

"आबा, राग मानू नका," ते म्हणाले. "घरी आलेल्या मानसाला असं बोलू न्हाय. पन तुमची कोरडी हाय. सूर आला की लगीच मेला. गळ्यात काय राहतच न्हाय. मी माझी म्हनून बोलत न्हाय, पन ही बाद."

आबांनी आपली गिटार उचलून घोंगडीवर ठेवली आणि मान खाली घातली. मित्राच्या हातात तात्यांची गिटार तशीच होती. माझा जीव थोडा थोडा झाला. खोटं बोलावं, असं अगदी ओठावर आलं. टॉवेल सोडायच्या आत दोन्ही गिटारींची अदलाबदल करणं काही कठीण नव्हतं, आणि मला खात्री आहे, आबांनीही हूं की चूं केलं नसतं.

"ती तुमची हाय," आई म्हणाली.

तात्यांनी टॉवेल वर सरकवला. मित्राच्या मांडीवरची गिटार बघितली. मग आबांच्या घोंगडीवरची बघितली.

"हिचा आवाज असा न्हाय," शेवटी ते म्हणाले. "लई घुमती ती. छातीत घुमती."

"तुमच्या छातीत घुमत आसंल," आई म्हणाली. "तुमी तिच्या मागं बसायचा. आमी म्होरं. म्होरनं ती अशीच वाजती, पयल्यापासनं."

मी विज्ञान शिकवणारी बाई, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. वाजवणारा आपल्या गिटारीच्या पाठीमागे असतो, तिचं लाकूड त्याच्या छातीला लागलेलं असतं. तात्यांनी सगळं आयुष्य तिला पाठीकडून ऐकलं होतं. समोर बसून, दुसऱ्याच्या हातात, त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली.

"आन तू बोलली न्हाईस कधी?"

"काय बोलायचं? चांगली वाजती की." आई सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली. "कोरडी हाय म्हनून तर गान्यातलं शबूद कळायचं. आमी बायका पार मागं बसायचो, पोरं घिऊन. तितं दुसऱ्या पार्ट्यांचं नुसतं घों घों यायचं. तुमचं समदं कळायचं."

तात्यांनी टॉवेल सोडून मांडीवर ठेवला. मित्र मला डोळ्यांनी विचारत होता की आता काय करायचं. मी म्हटलं, "तात्या, निवड माझी आहे. आईचं म्हणणं बरोबर आहे, आपण ही घेऊ."

"न्हाय," ते म्हणाले. "बाद म्हनलो म्हंजे बाद. डोळं बांधून दिलेला निकाल हाय. आबांची भरा, लाइट यायच्या आत."

मी वाद घातला, पण पाण्याच्या पाळीवरून भल्याभल्यांना न नमलेला माणूस, तो माझं काय ऐकणार. आणि खरं सांगायचं तर लायब्ररीसाठी निरवांगीची गिटारच जास्त चांगली होती, हे मित्रालाही माहीत होतं आणि मलाही. मित्राने एकेका तारेचा एकेक सूर भरायला सुरुवात केली. प्रत्येक सुरानंतर आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो. आबा तर डोळे मिटून, सलामीला उभे असल्यासारखे ताठ बसले होते. शेवटचा सूर विरला, मित्राने बोटाने खूण केली, आणि थोड्याच वेळात लाइट आली. चहूकडून मोटरी सुरू झाल्या.

आईने सगळ्यांना चहा दिला. तात्यांनी कपाला हात लावला नाही. ते मित्राला म्हणाले, "आता माझी वाजवा. भरू नका. नुसती वाजवा." आणि आईकडे वळून, "तू बसायचीस ते किती लांब?"

"लई लांब. त्या शेवग्याच्या बी पल्याड."

"चल, दाव."

आई पदर सावरत उठली. दोघं अंगण ओलांडून, शेवग्याच्या पुढे, शेजाऱ्याच्या बांधापर्यंत गेली. आईने हाताने जागा दाखवली आणि तात्या चक्क तिथं मातीत बसले. आई त्यांच्या शेजारी. कार्यक्रमाला ही दोघं शेजारी बसलेली मी कधीच पाहिली नव्हती, कारण एक स्टेजवर असायचा आणि एक बायकांत. मित्र जयंतीच्या गाण्याची चाल वाजवत राहिला आणि मी ओठातल्या ओठात शब्द म्हणत राहिले. मोटरींच्या घुमण्यातूनही एकेक ठोका सुटा, स्वच्छ पलीकडे जात होता. तात्या वाकून आईला काहीतरी विचारत होते. ती मान हलवत होती.

चाल संपली. परत येताना ते अंगणाच्या मध्येच थांबले.

"पोरी, ती बाद न्हाय," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

नोकरीत फिरवलेला एकही निकाल त्यांच्या नावावर नव्हता. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "तात्या, पण जागा एकाच गिटारीची होती. ती भरून गेली."

"जाऊ दे गं," तात्या म्हणाले. त्यांनी मागून येणाऱ्या आईकडे पाहिलं. "मला वाटायचं गिटारीचा आवाज कुठं तरी भरून ठिवला पायजे. त्यो हिच्यापाशी कवाच ठिवलेला हाय."