सिद्धराम कंडक्टरचं वावर

आमच्या कॉलनीच्या बागेत घसरगुंडीच्या मागं ज्वारी उभी दिसली, तर गवत समजून उपटू नका. ती सिद्धराम कंडक्टरची शेती आहे. रीतसर बघितलं तर जागा नगरपालिकेची, पाणी नगरपालिकेचं, आणि राखण करणारा ज्ञानोबा माळीही नगरपालिकेचाच. सिद्धरामचं फक्त मूठभर बियाणं आणि भरपूर तोरा.

"काका, हे गार्डन हाय, वावर न्हाई," असं ज्ञानोबा त्याला दर पेरणीला सांगतो. सिद्धराम हाव म्हणतो आणि पेरतो.

लातूरच्या डेपोत त्याची उमर गेली. बसमध्ये एका बाकावर चौघांना बसवून पाचव्याला "सरकून घ्या, मामा" म्हणायची त्याची हातोटी अशी, की सरकणाऱ्यालाच वाटावं आपण काहीतरी पुण्य केलं. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या आणि बायकोपुढं दोन्ही खाली. त्याचं खरं वावर जळकोटकडं होतं. साठवण तलाव झाला तेव्हा ते पाण्याखाली गेलं. त्याचं तो कधी रडगाणं गात नाही. पण येळवस जवळ आली, की मिशीला पीळ द्यायचा विसरतो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहरात चहा मिळणं मुश्कील. ज्याला त्याला वावर गाठायचं असतं. कडब्याची खोपटीसारखी कोप करायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड आत मांडून पुजायचे, मग वावराच्या धन्यानं पिकावर अंबील शिंपडत फिरायचं आणि त्याच्यामागं कुणीतरी अंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, धरून चालायचं. त्यानंतरच जेवण. ज्याला वावर नाही त्यानं दुसऱ्याच्या वावरात पाहुणा व्हायचं.

सिद्धराम दरसाल मेव्हण्याच्या वावरात जायचा. मेव्हणा संगमेश्वर माणूस दिलदार, पण जिभेला कुंपण नाही. तो पुढं ऐटीत शिंपडत निघायचा आणि मागं बिंदगं सिद्धरामच्या हातात. वर म्हणायचा, "दाजी, हळू. एसटीवानी सांडत येऊ नका."

तीन वर्षांमागं सिद्धरामनं भर वावरात बिंदगं खाली ठेवलं. "पुढल्या साली माझी येळवस माझ्या बागेत. एक पंगत जरी बसली, तर तू माझ्याकडं यायचं. न्हाई बसली, तर मरेपर्यंत तुझं बिंदगं धरतो आन् तोंड उघडत न्हाई."

"दाजी, तोंड बंद ठेवणं तुम्हाला जमंल का?" संगमेश्वर म्हणाला. पैज लागली.

पुढल्या साली सिद्धराम घरोघर आवतण देत फिरला. सगळे म्हणाले, "हाव, येतो की." हरखून त्यानं बायकोला, रत्नम्माला, सांगितलं, सगळी कॉलनी जेवायला आहे. आता गंमत बघा. आमच्याकडं येळवसेच्या आवतणाला नाही म्हणायची रीत नाही. बोलावणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून हाव म्हणायचं आणि आपापल्या वावराला निघून जायचं. हे शेंबड्या पोराला कळतं. पण ज्यानं जन्मभर उतारूंच्या थापा पकडल्या, त्याला ते कळलं नाही. स्वतःच्या घरची येळवस म्हटल्यावर अक्कल डेपोत जमा झाली.

रत्नम्मानं पातेलंभर भज्जी शिजवली. तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, वर चिंच आणि बेसन. बाजरीचे उंडे केले, खीर केली. अंबिलीचं बिंदगं घोंगडीत गुंडाळून सिद्धरामनं डोक्यावर आणलं. घसरगुंडीमागं कोप उभी राहिली. आणि बघता बघता टेम्पो, जीपा भरून सगळी कॉलनी वेशीबाहेर पडली. ज्ञानोबाही गावाकडं गेला. बागेत उरलो मी. माझे गुडघे वावरात जाण्याजोगे राहिले नाहीत असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे ही फजिती मला जवळून बघायची होती.

दुपार झाली. भज्जीचा वास नाकात आणि पोटात काही नाही, कारण शिंपडल्याशिवाय जेवण नाही, आणि सिद्धराम शिंपडायला तयार नाही.

"अवो, मी धरते बिंदगं," रत्नम्मा म्हणाली. "बापू उपाशी हायेत."

"पाहुणा धरंल."

"कोणता पाहुणा? ह्या बापूंना तर त्यांचे गुडघेच धरवंनात."

तेवढ्यात संगमेश्वरचा फोन आला. "दाजी, पंगत बसली का?"

सिद्धरामनं रिकाम्या झोपाळ्यांकडं बघितलं. "यायलेत," म्हणाला आणि फोन ठेवला. मग पालथ्या मुठीनं मिशी पुसत बसला. खरं सांगतो, तेव्हा मला फजिती बघण्यात राम वाटेना.

ऊन उतरलं आणि जीपा परतू लागल्या. पहिला आला साड्यांच्या दुकानाचा रेवणसिद्ध, दोन्ही हात पोटावर ठेवून. तीन वावरं जेवून आला होता.

"आता यायलास व्हय रं?" सिद्धराम म्हणाला.

"हाव म्हणलो होतो की. कधी येतो, ते कुठं सांगितलं होतं?" रेवणसिद्ध कण्हत म्हणाला. "कोपीत दिवा दिसला. तसंच पुढं जाववंना."

त्याच्यामागून आणखी आले. बागेवरून घराकडं जाणारा जो तो फाटकाशी थबके आणि आत वळे. एकाच्याही पोटात तिळाएवढी जागा नव्हती, पण सगळे बसायला तयार. तरी सिद्धराम जागचा हलेना. शिंपडल्याशिवाय वाढायचं कसं?

तेव्हा फाटकाशी मोटारसायकल थांबली. दाजींचा पडलेला चेहरा बघायला संगमेश्वर जळकोटहून आला होता. त्यानं गर्दी बघितली, कोप बघितली, मूठभर ज्वारी बघितली. मी म्हटलं, आता हा काय बोलतोय.

त्यानं चपला काढल्या, घोंगडी सोडली आणि बिंदगं उचलून सिद्धरामच्या मागं उभा राहिला. "चला दाजी. अंधार पडायला."

सिद्धराम ज्वारीभोवती अंबील शिंपडत फिरला. शेत एवढंसं, की धनी आणि पाहुणा एकमेकांच्या टाचा तुडवत होते. पण सिद्धराम चालला अगदी एकराएकराच्या बेतानं.

मग त्यानं पंगत बसवली. "पुढं सरका, मामा. सरकून घ्या, मागं जागा हाय." पोटभर जेवलेली माणसं पुन्हा भज्जी खात होती. खरा भुकेला मी एकटा. पण मला विचारतं कोण? सिद्धराम ठाण मांडून बसला होता मेव्हण्यापुढं, हातात पळी घेऊन.

"दाजी, बस. आता हाडात बी जागा न्हाई."

"माझ्या वावरात बस म्हणायचं न्हाई," सिद्धराम म्हणाला, आणि वाढलं.

तेव्हापासून आमची बागेतली येळवस दिवस कलल्यावरच असते. वावराहून येणाऱ्यानं आधी बागेत वळायचं, मग घर. संगमेश्वर दरसाल येतो आणि बिंदगं त्याच्याच हातात असतं. आणि सिद्धराम पुढं चालताना मागं न बघता म्हणतो, "हळू, पाव्हणं. सांडायलं."