त्याच्या तोंडी घातलेली माझी वाक्यं

माझ्या बहिणीचा विश्वास कमी पडला नव्हता. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचा.

आम्ही विदर्भातून रेल्वेच्या नोकरीमागे रायपूरला आलेली ख्रिस्ती माणसं. आमची मुलं हिंदीतच बोलतात आणि प्रार्थनाही हिंदीतच करतात. पण गुढियारी वस्तीतल्या आमच्या म्हाताऱ्या बायकांची हिंदी भाजीबाजारापुरती. शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांना मराठीतच कळतं. म्हणून बाहेरचा उपदेशक आला की मी त्याच्या शेजारी उभा राहायचो आणि तो थांबला की त्याचं वाक्य मराठीत सांगायचो. माझे वडीलही हे काम करत.

काही वर्षांपूर्वी तो आला. सगळे त्याला ब्रदर म्हणत. दर गुरुवारी माझ्या बहिणीच्या, ताईच्या घरी प्रार्थना असायची, तिथे तो बोलू लागला. पहिल्याच गुरुवारी म्हणाला, "जो दवाई खाता है, वो प्रभु पर शक करता है."

मी मराठीत सांगितलं, "औषध घेताना भरवसा प्रभूवर ठेवा."

तो म्हणाला, "मेरे हाथ में आग है." मी म्हणालो, "प्रभूच्या हातात सामर्थ्य आहे." तासभर बोलून त्यानं क्रुसाचं नाव काढलं नाही. शेवटी मीच माझ्या पदरचा क्रूस घातला. वाटलं, पाहुणा आहे, आवेशात बोलतो, बायकांसमोर त्याची फजिती कशाला? आणि खरं सांगायचं तर माझं मराठी ऐकून बायका डोळे पुसायच्या, ते मला आवडायचं.

"ब्रदर किती गहिरं बोलते जी," ताईची शेजारीण म्हणायची. ती गहिराई माझ्या वडिलांकडून उचललेल्या वाक्यांची होती. लांडग्याच्या अंगावर मेंढराचं कातडं मी दर गुरुवारी स्वतःच्या हातानं चढवत होतो.

ताईला साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिन लागायचं. एका गुरुवारी प्रार्थना संपल्यावर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माताजी, सुई छोड़ दो. सुई और प्रभु साथ नहीं चलते." एवढी हिंदी तिला कळली. त्याला दुभाष्या लागला नाही.

मला कळलं तेव्हा मी ओरडलो. "काहून बंद केली सुई? तो माणूस चुकीचं सांगून राहिला!"

ताई हसली. "आज चुकीचं झालं? इतके दिवस तूच सांगून राहिला होता न त्याचं? एक तरी शब्द शास्त्राबाहेरचा होता का?"

"ते मी..."

"तुले जळण होते त्याची. बायका त्याच्या पाया पडतात, तुले कोणी इचारत नाही."

तिथेच सांगायला हवं होतं की ते शब्द माझे होते. सांगितलं नाही. लाज वाटली. तिची मुलगी, माझी भाची, आईशी रोज हिंदीत भांडायची. ताईचं उत्तर ठरलेलं, "तुह्या मामाले इचार."

मग ताई बेशुद्ध पडली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं स्वतःच इंजेक्शन मागितलं. उशीर झाला होता. ब्रदर एकदाही फिरकला नाही. आमच्या चर्चचे म्हातारे पाळक, ज्यांच्या उपदेशात आम्ही सगळे पेंगायचो, ते रोज यायचे, तिचे पाय दाबून द्यायचे आणि डॉक्टरांसाठीही प्रार्थना करायचे. खरा आणि खोटा ओळखायला मला तेवढं एक दृश्य पुरे होतं. पण ते फार उशिरा दिसलं.

ताईनं मला विचारलं, "माहा भरवसा कमी पडला का रे?" मी म्हणालो, "बोलू नको, झोप."

ब्रदर कब्रस्तानात मात्र हजर झाला. मूठ आवळून म्हणाला, "हमारी बहन का विश्वास आख़िरी घड़ी में कम पड़ गया. उसने सुई माँग ली."

बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी सांगितलं, "आमच्या ताईनं शेवटपर्यंत विश्वास राखला."

बायका रडल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, त्याचे आभार मानले! भाची माझ्याजवळ आली. "मामा, उसने ये नहीं बोला," म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून ती चर्चमध्ये आलेली नाही.

यंदा तोच माणूस रायपुरातच, तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये पुन्हा आला. बोलावणाऱ्यांनी दुभाष्या म्हणून मलाच सांगितलं. मी गेलो. तो म्हणाला, "दवाई शैतान की रोटी है." मी म्हणालो, "हा म्हणतो, औषध म्हणजे सैतानाची भाकर." तो म्हणाला, "जो मरता है, अपने अविश्वास से मरता है." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

तो माईकवर हात ठेवून कुजबुजला, "अंकल, ठीक से बोल रहे हैं न?"

"पहली बार," मी म्हणालो.

ताईची शेजारीण उठून उभी राहिली. "काय बोलून राहिला हा? माहा नातू लहानपणीच गेला, त्याचा कोणता अविश्वास होता?" तिच्यामागून बायका उठल्या. बाहेर पायरीवर तिनं मला गाठलं. "तवा हा असा नव्हता बोलत."

"तवाही असाच बोलायचा. मी बदलून सांगायचो."

तिनं विचारलं, "अन् कबरीवर?"

मी सांगितलं. तिनं हात उगारला, मग खाली घेतला. "घरोघरी जाऊन सांग," म्हणाली. "एकेकीले. तोंडावर."

तसा जातो आहे. काहींनी दार लावून घेतलं. भाचीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माँ को बताना था." काही बायका नागपूरला मुलांकडे गेल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं. बायांनो, त्या दिवशी कबरीवर तुम्ही ऐकलेलं वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. त्याच्या तोंडी मी घातलेल्या सगळ्या वाक्यांत तेवढं एक मला परत घ्यायचं नाही. ते खरं होतं.